भिंतीवरचा डबा

१० नोव्हेंबर, सोमवार

हुबळीहून परत. आल्या आल्या चहा टाकला आणि मग आठवलं की चहा कमी करायला सांगितलाय. प्यायलाच.

गेल्या आठवड्यात हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलमध्ये, साडीला फॉल घ्यायला गेले होते, तिथे दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. छातीत कोणी पोत्यातून बटाटे ओतावेत तसं झालं. दुकानदार म्हणाला, "अक्कार, नीर कुडीरी." पाणी प्यायले. बटाटे थांबले नाहीत. त्याचा शेवट आज. छातीला थंडगार जेली, पडद्यावर करडा धूर, आणि निदान: ठोके अनियमित. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो, दाबत नाही. कारण, एक झडप आखडली आहे.

मशीनवाला मुलगा म्हणाला, "धारवाडच्या बाईंचा ताल चुकतो म्हणजे काय?" त्याला सांगितलं, माझा जन्म विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेला, मला तालातलं काही कळत नाही, फक्त चुका कळतात. त्याने जेली पुसायला कागद पुढे केला.

डॉक्टर तरुण, माझ्या लेकीपेक्षा, अनघापेक्षाही लहान. पुटपुटतो. एकच प्रश्न मान वर करून विचारला, "शाळेत असताना सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. बारा वर्षांची होते, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये. गुडघे नारळाएवढे. सिस्टर आयरीन म्हणाल्या होत्या, ड्रिल चुकवायचं नाटक आहे.

डॉक्टर म्हणाला, तोच ताप. झडपेला तेव्हाच इजा झाली, ती इतकी वर्षं आतल्या आत कडक होत गेली.

म्हणजे नाटक नव्हतं. मी तेव्हाही सांगत होते. आता हे कळवायचं कोणाला? सिस्टर केव्हाच गेल्या.

दोन गोळ्या. एक ठोके आवरायची, एक रक्त पातळ करायची. नाहीतर त्या थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन मेंदूत जाते. रक्त परत परत तपासायचं. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. पालेभाज्यांबद्दल काहीतरी पुटपुटला, जपून म्हणाला. शिवाय धडधड झाली की तारीख घालून लिहा म्हणाला. म्हणून ही रोजनिशी. ह्यांच्या कोऱ्या डायऱ्या उरल्यात. वकील माणूस, दरवर्षी अशिलांकडून मिळायच्या आणि हे एकीतही लिहायचे नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी भिंतीशी शेजारची सावित्रक्का. रोजच असते. (सावित्रक्का पूर्ण लिहायला हात दुखतो. यापुढे सा.)

तिला सगळं सांगावं लागलं, कारण काल मी डबा न घेताच हुबळीला गेले होते आणि तिने भाकऱ्या थापून ठेवलेल्या. रक्त पातळ करायची गोळी म्हटल्यावर तिचा हात कपाळावर.

"पातळ? यार हेळ्यार, कोण म्हणालं? या वयात आहे तेच रक्त पुरत नाही, त्यात पाणी घालतात?"

"पाणी घालत नाहीत. गुठळी होऊ नये म्हणून."

"माझी आई म्हणायची, रक्त दाट तर माणूस ताठ. बघ की, तू कशी पांढरी पडलीस."

"मी जन्मापासून पांढरी आहे, सावित्रक्का. आमच्याकडे सगळेच."

हसली नाही. भाकऱ्या भिंतीवर ठेवून गेली.

ही भिंत घातली तेव्हा हे आणि तिचे मास्तर तिच्या उंचीवरून महिनाभर बोलत नव्हते. ह्यांना छातीएवढी हवी होती, मास्तरांना डोक्यावर. गवंडी बिचारा दोघांचं ऐकून विड्या ओढत बसायचा. शेवटी सा. आणि मी एका दुपारी त्याला चहा पाजला आणि मधला तुकडा कंबरेइतकाच ठेवायला सांगितला. संध्याकाळी दोघे कोर्टातून-शाळेतून आले, बघितलं, आणि दोघांनीही एकमेकांनाच दोष दिला. तेव्हापासून त्या खाचेतून तिच्या भाकऱ्या इकडे, माझी आमटी तिकडे. मास्तर गेले, मग हे गेले. डबा चालू आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अनघाचा फोन, पुण्याहून. तिचा आवाज मीटिंग संपवून बोलल्यासारखा.

"आई, तू एकटी राहू नकोस. घर बंद कर, इकडे ये."

"घर बंद करायला ते दुकान आहे का?"

"पडलीस तर कोण बघणार?"

"सावित्रक्का."

"त्या तुझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत, आई."

हे खरं आहे, आणि खरं बोलणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग येतो. शेवटी ठरलं ते असं. संक्रांतीपर्यंत रक्ताचा आकडा जागेवर आला आणि तिथे टिकला तर मी इथे. नाही तर पुणे, कायमचं. मी हो म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मार्कांची फेरतपासणी केली, स्वतः कधी नापास झाले नाही.

पालेभाज्या आजपासून पूर्ण बंद. जपून म्हणजे काय ते मला कळत नाही. मला बंद कळतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

धडधड पहाटे. उशीवर कान ठेवला की ऐकू येते. पळते, थांबते, काहीतरी विसरल्यासारखी परत वळते. मग परत पळते.

पडल्या पडल्या बोर्डिंगमधली आजारी मुलींची खोली आठवली. लोखंडी पलंग, निळी पांघरुणं, खिडकीबाहेर सुरूची झाडं. फिलोमिना खिडकीतून पेरू टाकायची आणि पेरू नेमका टीनच्या बेसिनमध्ये पडून घंटा वाजल्यासारखा आवाज व्हायचा. आम्ही दोघी श्वास रोखून.

पहिले तीन दिवस नाटक नाटक म्हणणाऱ्या सिस्टर आयरीन चौथ्या दिवशी आल्या, गुडघ्याला हात लावला आणि काही न बोलता गेल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी पेलाभर दूध. दाट, पिवळट, वर जायफळ. मी म्हटलं, सिस्टर, याला वास येतो. "ड्रिंक," म्हणाल्या. महिनाभर प्यायले. बरी होऊन उठले तेव्हा फिलोमिनाने सांगितलं की त्यात अंडं फेटलेलं असायचं. आमच्या घरी लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आईला कळलं असतं तर मला विहिरीवर अंघोळ घालून मगच आत घेतलं असतं.

आईला सांगितलं नाही. सिस्टरशी मात्र वर्षभर धड बोलले नाही. अंड्यामुळे नव्हे. न विचारता पाजलं म्हणून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आकडा १.४. नापास.

डॉक्टर म्हणाला, गोळी अर्ध्याने वाढवू. पालेभाजी खाता का? मी म्हटलं, कोथिंबीरसुद्धा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी ओळखते. कॉपी करणारी पोरं "नाही मॅडम" म्हणायची तेव्हा मी असंच पाहायचे.

आणि हा सगळा मेथीचा हंगाम. सप्तापूरच्या कोपऱ्यावर पहाटे शेतावरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात, मेथी, हक्करकीची पानं, कोवळे मुळे, पानांवर दव तसंच. इथे भाजी शिजवायला नव्हे, कच्ची खायला घेतात. गरम ज्वारीची भाकरी, हातात मेथीची जुडी, वर चटणी, वर कच्चं तेल. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांना जुडी धरून पानं ओरबाडून खाताना पाहिलं आणि वाटलं, आपण माणसाशी लग्न केलंय ना? दोन वर्षांत मीही तशीच खाऊ लागले. सिस्टर आयरीननी पाहिलं असतं तर काटा-चमचा पुढे केला असता.

आता भाकरीबरोबर नुसती चटणी. सा.ची गुरेळ्ळाची, म्हणजे आपले कारळे. यंदा नवीन केलीय, काळीकुट्ट, जरा कडवट. म्हटलं, चव वेगळी आहे. "गुरेळ्ळ यंदा असंच आलंय," म्हणाली. रोज विचारते, चटणी खाल्लीस? दोन वेळा खा. चावायचं नसेल तर आमटीत घाल.

चांगली आहे. दोन वेळा खाते.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी विद्यापीठाच्या चढावर गेले. अर्ध्यावर कट्ट्यावर बसले. धडधड नव्हे, दम. दोन पोरी समोर आल्या, "आंटी, ऑटो बोलावू का?" आंटी. यांच्या आयांच्या मार्कलिस्टवर माझी सही असेल.

हे आणि मी याच चढावरून रोज जायचो. तेव्हा इथे घरं नव्हती, करडईची शेतं होती, आणि संध्याकाळी वारा असा यायचा की पदर आणि वाद दोन्ही सांभाळणं कठीण. हे वाद घालायचे, चालताना. कोर्टात उरलेला. मी चिडले की पावलं वाढवायची, हे मागून, "अहो प्रतिवादी, थांबा." मी थांबायचे नाही. तेव्हा माझं हृदय आतून कडक होत होतं म्हणे. मला कधी कळलं नाही. बहुतेक ह्यांना कळलं असावं, कारण वरच्या वळणावर हे रोज बुटाची नाडी बांधायला बसायचे. रोज. सँडल असली तरी.

आज ते लक्षात आलं. कट्ट्यावर बसून.

५ डिसेंबर, शुक्रवार

१.३. गोळी वाढवूनही खाली. डॉक्टर परत वाढवतो. "तुम्ही नक्की गोळी घेताय ना?" मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही.

अनघाला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "खोलीला नवीन पडदे लावलेत, आई."

सा.ला आकडा सांगितला. तिला दोन ते तीन काय, काही कळत नाही. "कमी आहे म्हणजे रक्त दाट झालं?" हो, तसंच. तिचा चेहरा उजळला. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सा. बागलकोटला गेली. मुलाला मुलगा झाला, बारसं. पंधरा दिवस तरी येत नाही. जाताना भिंतीवर हात टेकून उभी.

"चटणी संपत आलीय ना? करून द्यायला वेळच नाही झाला बघ."

"दुकानातून आणीन."

"दुकानातली ब्याड, नको." असं म्हणाली जसं मी विष आणणार आहे.

भिंतीच्या खाचेत आज मांजर बसलं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळ अमाशी, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं धारवाड शेतावर. रस्त्याने ट्रॅक्टर जातायत, बायका नटलेल्या, टोपल्यांना पांढरी फडकी.

मास्तरांचं शेत नरेंद्र गावाच्या पुढे. आम्ही दरवर्षी त्यांच्याबरोबर. बैलगाडीत पुढे मास्तर आणि हे, मागे सा., मी, आणि आमच्या मध्ये अनघा झोपलेली, तिच्या अंगावर कडब्याची कुसं. सा.च्या टोपलीत सज्जेच्या, म्हणजे बाजरीच्या, भाकऱ्या, अंबाडीची भाजी, भरली वांगी, कडबू. माझ्याकडून फक्त पुरणपोळ्या, कारण बाकीचं मला जमायचं नाही आणि ती ते चारचौघांत बोलायची नाही. उभ्या ज्वारीत मास्तर चरग उडवत पुढे, म्हणजे धरणीला घास. आरोळी देत. मागे मागे हे, काळ्या कोटाची सवय असलेला माणूस, धोतर खोचून, आरोळी चुकवत. सा. हसून हसून बांधावर बसायची. एरवी मी तिला कधी इतकी हसलेली पाहिली नाही.

यंदा ती बागलकोटला. मी भात आणि आमटी केली. चटणी संपून आठवडा झाला.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दात घासताना रक्त. मग नाकातून. थांबेना. टॉवेल भरला, दुसरा घेतला. मोरीत बसले. एकच विचार आला, सा. असती तर हाक मारली असती. समोरच्या भाड्याच्या खोल्यांतल्या पोरीला हाक मारली, तिनेच रिक्षा केली.

आकडा ५ च्या वर. म्हणजे उलट्या बाजूने नापास.

डॉक्टर पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "काय बदललं? खाण्यात काय बदललं?"

काही नाही. शपथेवर सांगते, काही नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

अनघा काल आली. नाकात बोळा, त्यामुळे मला भांडता येईना. ती घरभर हिंडून खिडक्यांच्या कड्या तपासत होती, घर बंद करणारी माणसं जशी तपासतात.

गोळी दोन दिवस बंद, मग कमी. अनघा म्हणते, संक्रांतीला येते आणि घेऊन जाते. ठरलं होतं ना, आई.

ठरलं होतं.

आज ख्रिसमस. बोर्डिंगमध्ये आम्हा चार हिंदू मुलींना सिस्टर आयरीन वेगळ्या ताटलीत केक द्यायच्या. "नो एग्ज," म्हणायच्या. माझ्याकडे बघून जरा जास्तच स्पष्ट. तेव्हा मला तो टोमणा वाटायचा.

२८ डिसेंबर, रविवार

अनघा काल गेली. सा. आज आली. शब्द न् शब्द लिहून ठेवते.

मी भिंतीशी गेले, नाकाचं सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. मग म्हणाली,

"मी नव्हते म्हणून."

"तू असतीस तर काय केलं असतंस? नाक धरलं असतंस?"

"नुग्गी तप्पल नव्हता म्हणून, बाई. मी होते तोवर आलं का कधी रक्त? सांग, आलं?"

नुग्गी तप्पल म्हणजे शेवग्याचा पाला. मी म्हटलं, कुठला पाला?

कुठला म्हणजे परसातला. सावलीत वाळवून, वस्त्रगाळ करून, चटणीत. अर्धी चटणी, अर्धा पाला. डॉक्टर रक्त पातळ करतो म्हणाल्यापासून. काळ्या चटणीत हिरवं दिसत नाही म्हणून गुरेळ्ळ.

"तू तुझ्या तोंडाने सांगितलंस ना, रक्त दाट झालं म्हणून. मी सोमवारी नारळ फोडला."

मी पुढे झाले. भिंत धरली. "सावित्रक्का, तू मला नापास केलंस. मला पुण्याला पाठवलंस."

"मी? मी तर तू इथे राहावीस म्हणून—"

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर खाल्लं असतंस?"

नसतं खाल्लं. म्हणूनच जास्त राग आला. तिला काय काय बोलले. अडाणी म्हणाले. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, मास्तर गेले तेव्हा ओढला होता तसा, आणि आत गेली.

३० डिसेंबर, मंगळवार

भिंतीवर डबा नाही. माझाही नाही.

दुपारी अनघाचा फोन. "आई, डॉक्टरांशी बोलले. ते म्हणतात हा खाण्याचाच घोळ आहे, दुसरं काही नाही. खरं सांग. काय खात होतीस?"

खरं सांगायला तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. मग अनघा सा.ला फोन करणार, कायद्याच्या भाषेत बोलणार, बापाची लेक आहे. आणि सा. ऐकून घेणार, पदर ओढून, हो बाळ, चुकलं बाळ.

म्हटलं, "मेथी खात होते. कच्ची. चोरून. मग नाकातून रक्त आलं त्याआधी सोडली."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "मला वाटलंच होतं."

सिस्टर नाटक आहे म्हणाल्या तेव्हा मी नाही नाही म्हणून घसा सुकवला, आणि पन्नासहून जास्त वर्षं तो राग सांभाळला. आज न केलेल्या गोष्टीला स्वतः हो म्हटलं. चव काही वाईट नव्हती. जरा कडवट.

धडधड: संध्याकाळी, थोडी.

२ जानेवारी, शुक्रवार

एकटीच हुबळीला. डॉक्टरला खरं सांगितलं, अट घातली की अनघाला सांगायचं नाही. तो पेन खाली ठेवून हसला. मग खुर्ची पुढे ओढून, पहिल्यांदाच, सगळे शब्द उच्चारून बोलला.

"बाई, मी सोडा कधी म्हटलं? सारखं खा म्हटलं. रोज तेवढंच. तुम्ही पालेभाजी पार बंद केलीत, मग चिमूटभर पाल्यानेही रक्त उड्या मारणार; पाला होता म्हणून मी गोळी वाढवली, पाला थांबला आणि वाढलेली गोळीच उरली. थोडं रोज खा, मी गोळी त्याला जुळवून देतो."

"तुम्ही पुटपुटता."

"हो, आई पण म्हणते."

"मग चटणीचं काय?"

"चांगली आहे का?"

"चांगली आहे."

"मग रोज एक चमचा. सपाट. कमी नाही, जास्त नाही, एक दिवसही चुकवायची नाही. आणि जी कोणी करते तिला सांगा, प्रमाण बदलायचं नाही."

जी कोणी करते. तिला सांगा. बसमध्ये सगळ्या वाटेभर तेच.

४ जानेवारी, रविवार

परवा रात्रीपासून बाजारातला पाला आणून वाळवावा का, याचा विचार करत होते. मिक्सर आहे, हात आहेत. मग आठवलं, शेवग्याचं झाड कोणाचं आहे.

काल दुपारी सा. तिच्या परसात वाळवण आवरत होती. पाठ इकडे. मी रिकामा डबा घासून पुसून भिंतीच्या खाचेत ठेवला. टक्कन वाजला. पाठ वळली नाही.

मला माफी मागता येत नाही. आईकडे ती पद्धत नव्हती आणि कॉन्व्हेंटमध्ये ती इंग्रजीत मागायची असते, म्हणजे मनाला काही लागत नाही. तरी म्हटलं, "डॉक्टर म्हणतो, रोज एक चमचा. सपाट."

तिने वाळवणाचं फडकं झटकलं. "कुठला डॉक्टर? तोच पुटपुट्या?"

"तोच. म्हणतो, प्रमाण बदलू नका."

"मी कधी बदललं? बदललं ते त्याने." मग फडक्याची घडी घालत, पाठ तशीच, "अडाणी लोकांना प्रमाण बरं कळतं."

"ते मी बोलले ते बोलले."

"होय. बोललीस."

आज सकाळी डबा भरलेला. वर दोन गरम भाकऱ्या. झाकण उघडलं. या वेळी लपवलेलं नाही, पाला हिरवा दिसतोय स्वच्छ.

सिस्टर आयरीनना दुधाचं मी शेवटपर्यंत काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

२.४.

पास. दुसरा वर्गसुद्धा नाही, नुसतं पास, पण पास.

सा.ला भिंतीवरून सांगितलं. "दोन आणि तीनच्या मध्ये."

"दाट की पातळ?"

"दोन्ही नाही. बरोबर."

"तसं असतं?" म्हणाली. विचार करत आत गेली.

अनघाला फोन. आनंद झाला तिला, खरंच झाला. मग म्हणाली, "पण आई, एकदा आलं म्हणजे टिकलं असं नाही. आणि तू परत चोरून मेथी खाणार नाहीस कशावरून?"

याचं खरं उत्तर भिंतीपलीकडे आहे. असलं तरी ते मी दिलेलं नाही, आणि देणारही नाही.

म्हणते, संक्रांत झाली की चल. निदान थोडे दिवस. तिथल्या डॉक्टरला दाखवू, मग बघू. परतीचं तिकीट? ते नंतर काढू.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. अनघा आली. सा.कडे तिळगूळ द्यायला गेलो. "गोड बोल," म्हणाली मला, आणि अनघाकडे वळून, "ही पाळत नाही ते. कधीच पाळलं नाही." अनघा हसली, वाकून पाया पडली. सा.ने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. फोनवर मी काय बोलले ते मी तिला सांगितलेलं नाही. पण खाचेतून आवाज जातो, दोन्हीकडे.

"काकू," अनघा म्हणाली, "आईकडे लक्ष ठेवलंत, पण मेथीचं तुम्हालाही कळलं नाही बघा."

सा. जरा थांबली. मग म्हणाली, "मला सगळं कळतं, बाळ. तुझी आई मेथी खाणारी नव्हे. तिला लागतं दुसरंच." आणि तिळगुळाचं ताट पुढे केलं. अनघा कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिली. तिने तिळगूळ तोंडात टाकला. मीही. घरी येताना मात्र माझा हात धरला होता, रस्ता ओलांडायचा नसताना.

आज बॅग भरली. उद्या सकाळची बस. पाणी बंद, तुळस सा.कडे, किल्ली सा.कडे. अनघा म्हणाली, जास्त साड्या घे. मी चार घेतल्या. तिने अजून चार ठेवल्या. मी दोन काढल्या. तिने पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लावायला गेली. साड्यांचं कपाट अजून उघडंच आहे.

संध्याकाळी भिंतीशी. सा.ने डबा पुढे केला. चटणी. मी हातात घेतला आणि वजनावरूनच कळलं. नेहमीचा मोठा स्टीलचा नव्हे. नातवाच्या बारशाला कुंकवाचे डबे वाटले होते, त्यातलाच एक इवलासा.

"एवढीच?"

"सपाट चमचा, रोज. हौदिल्लो, खरं की नाही?"

"ही किती दिवस पुरणार, सावित्रक्का? पुण्यात शेवगा मिळेल, पण—"

"पुण्यातला ब्याड." पदर सारखा केला. "संपली की ये."

मागे अनघा उभी होती. केव्हापासून, माहीत नाही.

"काकू," ती म्हणाली, "मोठा डबा नाही का?"

"आहे की," सा. म्हणाली. "घासून ठेवलाय. इथेच."